आर्डिथला कपडे कोणी घालायचे

डार्ला बॅग्लीने बावीस वर्षांत आमच्या वॉर्डातल्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीतल्या, एकेचाळीस बायकांना शेवटचे कपडे घातले. नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात. चारशे मुलांचं जेवण साडेअकराला तयार ठेवायची सवय, त्यामुळे हात झपाझप चालत. पण मयताच्या कामात तिला घाई करताना कोणी पाहिलं नाही. वॉर्डातलं कोणी गेलं की रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे आमच्या बायकांच्या मंडळाच्या, अध्यक्षबाई तिला फोन करत. अध्यक्ष बदलत गेल्या, डार्ला तीच राहिली.

आमच्या सॅनपीट खोऱ्यात टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या पवित्र वास्तूत, जाऊन देवापुढे वचनं घेतलेल्या माणसाला टेंपलच्याच पांढऱ्या कपड्यांत पुरतात. फ्युनरल होमची, म्हणजे मयताची व्यवस्था करणाऱ्या संस्थेची, माणसं आंघोळ घालतात, केस करतात. कपडे मात्र तशीच वचनं घेतलेल्या माणसांनी घालायचे. बाईला बायकांनी, पुरुषाला पुरुषांनी. घरातलं कोणी असेल तर त्याने, नाहीतर वॉर्डातल्या कोणी. तिथे ना भजन असतं ना भाषण. दार बंद असतं आणि आत दोन बायका हळू आवाजात "जरा उचल", "आता सोड" एवढंच म्हणत असतात.

कॉलेट निल्सन अध्यक्ष झाली तेव्हा चौतीस वर्षांची होती. पहिल्या वेळी ती उंबऱ्यातच थांबली. वॉर्डात बायकांना आडनावाआधी सिस्टर लावून हाक मारतात.

"सिस्टर बॅग्ली, मी फक्त धरायला आहे ना?"

"धरायला आणि बोलायला."

"बोलू काय?"

"काहीही. शार्लटला तुझ्या पोरांचे उद्योग ऐकायला आवडायचे. सांग तिला."

कॉलेटने धाकट्याने नाकात वाटाणा घातल्याची हकिगत मेलेल्या शार्लटला सांगितली. हकिगत संपेपर्यंत काम संपलं होतं. नंतर ती सगळ्यांना सांगायची, डार्लाबरोबर असलं की भीती वाटत नाही.

ती शार्लट चाळिसावी. एकेचाळिसावीच्या वेळी डार्लाचा विश्वास उरलेला नव्हता, आणि हे त्या खोलीत फक्त तिला एकटीला माहीत होतं.

विश्वास एका दिवसात गेला नाही. आमच्याकडे रविवारी दुपारी बरीच माणसं वंशावळ शोधत बसतात, तशी तीही बसायची. तिची खापरपणजी किर्स्टिना डेन्मार्कहून आलेली. घरात सांगत आले होते की ती देवाच्या बोलावण्याने आली आणि आधीच्या दोघी घरात असताना आनंदाने एका वडीलधाऱ्या माणसाची तिसरी बायको झाली. एका दूरच्या नातेवाइकाच्या पेटीत किर्स्टिनाने बहिणीला लिहिलेली तीन पत्रं निघाली. डार्लाने ती डॅनिश येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाकडून वाचून घेतली. किर्स्टिना तेव्हा पंधरा वर्षांची होती. दुसऱ्या पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं की मला कोणी काही विचारलं नाही.

त्यानंतर डार्लाने चर्चच्या संस्थापकाच्या अनेक लग्नांविषयी चर्चने स्वतःच प्रसिद्ध केलेला लेख वाचला. परक्या कोणी लिहिला असता तर बाजूला सारता आला असता. इथे लोक एकमेकांना सांगतात, प्रश्न फळीवर ठेवून दे, वर गेल्यावर उत्तर मिळेल. डार्लाने चार वर्षं ठेवले. एक प्रश्न ठेवला की त्याच्या शेजारी दुसरा यायचा. मग प्रार्थना करताना समोर कोणी ऐकतंय असं वाटेनासं झालं. तिला राग आला नव्हता. आला असता तर सोपं गेलं असतं, असं ती पुढे म्हणाली.

केंटला, म्हणजे नवऱ्याला, तिने हे एका मंगळवारी भांडी विसळताना सांगितलं. केंट सिंचनाच्या कालव्यांचं पाणी वाटून देण्याचं काम करतो. कमी बोलतो.

"कोणी काही लागट बोललं का तुला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला ते खरं वाटत नाही, केंट."

केंटने नळ बंद केला. "सगळंच?"

"कुठपर्यंत ते मला सांगता येत नाही."

"आपल्या दोघांचं?"

त्यांचं लग्न मॅन्टायच्या टेंपलमध्ये लागलेलं, मरणानंतरही टिकणारं. "पस्तीस वर्षं आपण या घरात आहोत," डार्ला म्हणाली. "ते खरं आहे."

"या घराचं विचारत नाहीये मी," केंट म्हणाला, आणि फडका वाळत घालून बाहेर गेला.  त्यानंतर दर रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहायचा आणि ती येते का ते बघायचा.

ती यायची. विश्वासासाठी नव्हे, तर आईला न्यायला. आर्डिथ मॉर्टेन्सन अठ्ठ्याऐंशी वर्षांची, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. टर्की पक्षी कापण्याच्या कारखान्यात तीस वर्षं उभं राहून काम केलेली बाई. उजवं कोपर तिथेच आखडलं, जीभ तेवढी सैल राहिली. डार्ला तिला हाताला धरून तिसऱ्या रांगेत बसवायची आणि तीन तास शेजारी बसायची. प्रभुभोजनाच्या पावाचं ताट फिरत आलं की आईपुढे धरायची आणि स्वतः न घेता पुढे द्यायची. गावात एवढं पुरतं. मागच्या रांगेतल्या माणसाला पुढच्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही, पण ताटातल्या पावाला हात लागला की नाही ते बरोबर दिसतं.

एकेचाळिसावी बाई गेली ती त्या उन्हाळ्यात. डार्ला गेली, नेहमीसारखं सगळं केलं, आणि घरी येऊन गाडीतच बसून राहिली. शाळेत खोटं बोलता येतं, दुकानात बोलता येतं, पण त्या खोलीत नाही, असं तिचं मत होतं. सप्टेंबरात तिने चर्चच्या पटावरून आपलं नाव कमी करण्याचं पत्र पाठवलं.

ऑक्टोबरात बिशप ऑलरेड तिच्याकडे आले. आमच्याकडे बिशप म्हणजे पगारी पाद्री नव्हे. ऑलरेडच्या टर्कींच्या चार शेड आहेत, आणि चर्चच्या कामाला येतानाही त्यांच्या बुटांना शेडचा वास असतो.

"सिस्टर बॅग्ली, हा कागद माझ्याकडे आलाय. थँक्सगिव्हिंगचा सण होईपर्यंत मला टर्कींपुढे काही सुचत नाही, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. टेबलावर राहून गेला तर कोणाला नवल वाटणार नाही."

"नको, बिशप. पुढे पाठवा."

"आर्डिथला माहीत आहे?"

"नाही."

"कोणाला सांगायचं ते तू सांगायचंस. माझ्याकडून जाणार नाही," बिशप म्हणाले. त्यांनी तो शब्द पाळला.

नोव्हेंबरात, चर्चहून घरी येताना, आईने गाडीत विषय काढला.

"पाव घेत नाहीस तू."

"नाही, मॉम."

"मला वाटलं, दात दुखतोय. मग म्हटलं, वर्षभर कोणाचा दात दुखत नाही." आर्डिथ खिडकीतून बाहेर बघत होती. "काय केलंस? कोणी पुरुष आहे का?"

"मॉम! छप्पन्न वर्षांची आहे मी."

"म्हणून तर विचारलं. या वयात अक्कल जाते."

"पुरुष नाही. मला विश्वास वाटत नाही आता."

आर्डिथने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "फळीवर ठेव की."

"फळी मोडली, मॉम."

"मग माझ्या फळीवर ठेव थोडे. माझी रिकामीच आहे. मी कधी एवढा विचार केला नाही." मग घर आल्यावर, पट्टा सोडवत म्हणाली, "ते तुझं तू बघ. पण माझे कपडे तूच घालायचेस. वॉर्डातल्या त्या व्हर्लाला पाठवलंस तर उठून बसेन. तिचे हात बर्फासारखे असतात."

"मीच घालीन."

"शब्द दे."

डार्लाने शब्द दिला. तिने आईला फसवलं नव्हतं. बावीस वर्षं ती एकच नियम सांगत आली होती: टेंपलमध्ये एकदा वचनं घेतली की बाई या कामाला कायमची पात्र. एका मयत बाईच्या बहिणीने तीस वर्षांत चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं, तिलाही डार्लाने आत घेतलं होतं आणि दोघींनी मिळून त्या बाईला कपडे घातले होते. चर्चला न जाणं वेगळं आणि नाव काढून घेणं वेगळं, हा फरक तिच्यापुढे कधी आला नव्हता, कारण आमच्या वॉर्डात नाव कोणी काढलंच नव्हतं. तो बिशपनेही सांगितला नाही; एवढं तरी डार्लाला माहीत असणार, असं त्यांनी धरून चाललं.

डिसेंबरात पत्र आलं. छोटं आणि सभ्य. नाव कमी केलं आहे. बाप्तिस्म्यापासून टेंपलपर्यंत जे जे मिळालं ते सगळं त्याबरोबर रद्द झालं आहे. पुन्हा यावंसं वाटलं तर बिशपना भेटावं. मधलं वाक्य तिने उभ्यानेच दोनदा वाचलं; म्हणजे आईला कपडे घालायचा अधिकारही गेला होता. मग कोट घातला आणि आईच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. तिथून परत आली. आईला हिवाळा बरा चालला होता, खोकला नव्हता. वसंतात सांगू, असं तिने ठरवलं.

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी आर्डिथ झोपेतच गेली.

दुपारी बिशप आणि कॉलेट आर्डिथच्या घरी आले. कॉलेटने रडून घेतलं, नाक पुसलं आणि वही काढली. दफन बुधवारी. जेवणाला हॅम, कोशिंबीर, चीजमधले बटाटे. बटाटे पाच घरांतून येतील.

"आणि कपडे सोमवारी," कॉलेट म्हणाली. "तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे. मी धरायला येते. यावेळी बोलायला तूच."

बिशप टोपी हातात फिरवत होते. डार्लाने कॉलेटला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बिशपना सोडायला ती त्यांच्या पिकअपपर्यंत गेली.

"हे बघ," बिशप म्हणाले, "कोणी मला विचारलं तर मला खरं उत्तर द्यावं लागेल. अजून कोणी विचारलेलं नाही. मला सोमवारी फीडचा ट्रक यायचाय. दिवसभर मी फोन उचलणार नाही."

"थँक्यू, बिशप."

"थँक्यू कसला. मी काही बोललोच नाही."

म्हणजे आता सगळं तिच्यावर होतं. ती गप्प राहिली असती तर कोणालाही कळलं नसतं. संध्याकाळी घरी, स्वयंपाकघरात, केंटने तिच्यापुढे सूप ठेवलं आणि स्वतः उभाच राहिला.

"घाल तू कपडे," तो म्हणाला. "तुझी आई आहे. मला त्यात काही पाप वाटत नाही. देवालाही वाटणार नाही."

"तिला चालणार नाही, केंट."

"तिनेच तर सांगितलं होतं."

"तिने कोणाला सांगितलं? जिला अधिकार आहे तिला. तिच्या हिशेबाने माझ्या हातचं ते काहीच नाही. कोणीतरी बाहेरच्या बाईने गुंडाळलं, एवढंच."

"तिला कळणार नाही."

डार्लाने चमचा ठेवला. "तू म्हणतोस हे? तुझ्या मते ती आत्ता बघतेय ना आपल्याकडे?"

 विश्वास असलेला तो माणूस तिला जा म्हणत होता, आणि विश्वास नसलेली ती अडून बसली होती. दोघांना ते कळत होतं, पण हसू आलं नाही. मग वाटी तिच्याकडे सरकवत तो म्हणाला, "सूप निवतंय."

शनिवारी दहाच्या सुमारास ती कॉलेटकडे गेली. कॉलेट बटाटे किसत होती. डार्लाने बसता बसताच सांगितलं: सप्टेंबरात पत्र, डिसेंबरात उत्तर, त्यामुळे सोमवारी ती आत येऊ शकत नाही.

कॉलेटचा हात किसणीवर थांबला. "डिसेंबरात? म्हणजे ख्रिसमसला तू माझ्या घरी आलीस, माझ्या पोरांबरोबर गाणी म्हटलीस..."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"मग आता तरी कशाला सांगितलंस? मला माहीतच नसतं तर मी तिकडून धरलं असतं, तू इकडून कपडे घातले असतेस, झालं असतं. आता माहीत असून मला ते करता येईल का?"

"नाही येणार. म्हणूनच सांगितलं."

कॉलेटला रडू आलं आणि ती चिडलीही. "मी कधी एकटीने केलेलं नाही. तिचं कोपर वळत नाही. मी काहीतरी मोडून ठेवीन."

"मोडणार नाहीस. व्हर्लाला बरोबर घे."

"व्हर्ला? आर्डिथला व्हर्ला आवडायची नाही!"

"हात गरम पाण्यात धरून मग आत जायला सांग तिला," डार्ला म्हणाली.

ती निघाली तेव्हा कॉलेटने तिला मिठी मारली. नेहमीएवढी घट्ट नव्हती. इतकी वर्षं ती तिला सिस्टर बॅग्ली म्हणायची. त्या दिवशी दारात "बाय, डार्ला" म्हणाली. मैत्रीण म्हणून म्हणाली की बाहेरची म्हणून, हे डार्लाला कळलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

सोमवारी दोन वाजता कॉलेट आणि व्हर्ला फ्युनरल होमच्या खोलीत गेल्या. व्हर्ला पंचाहत्तरची, खांदा धरलेला. डार्ला बाहेर बोळात खुर्चीवर बसली. यायची गरज नव्हती, पण घरी बसवेना. केंट गाडीत थांबला होता.

दहा मिनिटांनी दार वीतभर उघडलं. कॉलेटचा चेहरा लाल झाला होता. "बाही जात नाही. उजवी."

"डावी आधी घातलीस?"

"हो."

"काढ. आखडलेला हात आधी. नेहमी आखडलेला आधी."

"त्याला बळ लावू?"

"बळ नाही. तू बाहीच्या टोकातून आपला हात आत घाल आणि तिचा पंजा धर, शेकहँड करतात तसा. मग कापड तुझ्या हातावरून तिच्या हातावर सरकव. हात ओढायचा नाही, कापड ओढायचं."

दार लागलं. आतून व्हर्लाचा आवाज आला, "आर्डिथ बाई, जिवंतपणी अशीच आडमुठी होतीस तू." मग कॉलेटचं अर्धवट हसणं. 

"गेला!" कॉलेट आतून म्हणाली.

"आता कुशीवर," डार्ला दाराकडे तोंड करून म्हणाली. "तुझ्याकडे वळव. गुडघा वाकवून घे, म्हणजे आपोआप वळते. व्हर्ला, तू तिचा खांदा उचलू नकोस, तुझाच खांदा जाईल."

"ऐकू येतंय मला," व्हर्ला म्हणाली.

"पाठीमागचं कापड सपाट कर. तिथे चुणी राहिली तर पुढून सगळं वर येतं. आणि बोला तिच्याशी."

"काय बोलू?" कॉलेटने विचारलं.

 फ्युनरल होमचा माणूस बोळातून फुलांची चौकट घेऊन गेला, तो जाईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "सांग तिला, मी बाहेर आहे."

आत कॉलेटने ते सांगितलं. डार्लाला शब्द ऐकू आले नाहीत, नुसता आवाज आला. पुढचा तासभर कोणी काही विचारलं नाही.

साडेतीनच्या आसपास दार पूर्ण उघडलं. सगळं झाल्यावर घरच्या कोणालाही आत येऊन बघता येतं, त्याला अडकाठी नाही. "ये," कॉलेट म्हणाली. व्हर्ला भिंतीशी उभी राहून आपला खांदा चोळत होती.

आर्डिथ पांढऱ्या कपड्यांत होती. चेहरा लहान दिसत होता. डार्लाने दोन्ही हात कोटाच्या खिशात ठेवले आणि नेहमी काम झाल्यावर बघायची तसं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"डाव्या मनगटाखाली कापड गोळा झालंय."

कॉलेटने ओढलं. "असं?"

"अजून थोडं. आता सोड."

"आता?"

"आता बरोबर आहे."

 शेवटी व्हर्ला म्हणाली, "अगं, हात तरी लाव तिला. लेक आहेस."

डार्लाने उजवा हात खिशातून काढला, आईच्या कपाळावर ठेवला आणि थोडा वेळ तिथेच राहू दिला. कपड्यांना लावला नाही.

गाडीत केंटने इंजिन सुरू केलं नाही. "व्यवस्थित झालं?" त्याने विचारलं.

"झालं," डार्ला म्हणाली. "कॉलेटला आता येतं."